वासाला हातानं बोलवायचं

पुकळे सरांशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं. उंब्रजच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. माझी प्रयोगशाळा आणि त्यांची रसायनशास्त्राची, दोन्हींच्या मध्ये एकच भिंत. तीही छतापर्यंत गेलेली नाही, वरच्या भागात नुसती जाळी. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला आणि जाळीतून सडक्या अंड्यांचा असा काही लोट आला की घास हातातच राहिला. मी तशीच उठले आणि त्यांच्या दारात जाऊन म्हणाले, "सर, पलीकडे माणसं जेवतात."

उंच, वाळका माणूस. शर्टाच्या खिशाखाली ॲसिडनं पडलेली भोकं. भोवती दहा-बारा पोरं आणि हातात टेस्ट ट्यूब. त्यांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जेवा की मॅडम. शेपू हाय न्हवं? शेपूला दुसऱ्या कशाचा वास लागत न्हाई."

पोरं हसली. मी परत येऊन डब्यात पाहिलं. शेपूच होती. हायड्रोजन सल्फाइडच्या त्या घाणीतून, भिंतीपलीकडची माझी शेपू ह्या माणसाला आली कशी, ह्या विचारात माझा राग विरून गेला. भूक मात्र मेली ती मेलीच.

तेव्हापासून रोज जाळीतून आवाज यायचा. "मॅडम, आज वांगं. जरा करपलंय." नाहीतर, "आज डबा तुमच्या सासूबाईंनी केलाय वाटतं, हिंग जास्त हाय." मी चिडायचे, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. आणि नाक म्हणाल तर अगदीच बेताचं होतं. एवढ्या उंच माणसाला ते कुणी उसनं दिल्यासारखं दिसायचं.

सर माण तालुक्यातले. घर मेंढपाळांचं. वडील, ज्यांना ते आबा म्हणत, अजून कळपामागं चालत होते. सरांनी साताऱ्यात वसतिगृहात राहून एम. एस्सी. केली, उंब्रजला नोकरी धरली आणि लग्न करून तिथंच राहिले. बोलणं मात्र कधी बदललं नाही. सोडियम नायट्रोप्रुसाइड हा शब्द ते ज्या सुरात म्हणत, त्याच सुरात 'आरं गड्या, जरा सरक की' म्हणत.

अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर ना ॲप्रनबद्दल बोलत, ना जर्नलबद्दल. प्रत्येकाच्या हातात एक टेस्ट ट्यूब देत आणि म्हणत, "नळीवर नाक न्यायचं न्हाई. नळी लांब धरायची आन हातानं वासाला बोलवायचं. या, बसा म्हणायचं. झेपला तर ठिवून घ्यायचा, न्हाई तर वाटंला लावायचा." मग ते स्वतः करून दाखवत. डाव्या हातात नळी, उजव्या हाताचा पंजा नळीच्या तोंडावरून हळूच आपल्याकडे ओढायचा, डोळे अर्धे मिटलेले. दारात आलेल्या पाहुण्याला आत घ्यावं तसा तो हात हलायचा.

पुढचा नियम त्याहून कडक. पुस्तकातला शब्द चालायचा नाही. ज्याला जो वास येईल, तो त्यानं आपल्या घरातल्या शब्दात सांगायचा. मी भिंतीपलीकडून ऐकत बसायचे. अमोनियाला पोरं म्हणायची, "सर, पहाटं गोठ्याचं दार उघडल्यावर येतो तसा." क्लोरीनला, "जत्रंनंतर ग्रामपंचायत पाण्यात पावडर टाकती, तो." ॲसेटिक ॲसिडला दरवर्षी एकच उत्तर, "चायनीजच्या गाड्यावरचा!" सल्फर डायऑक्साइडला कुणी म्हणालं, "लवंगी फटाका हातात फुटल्यावर." सर विचारत, "तुझ्या हातात फुटला हुता काय?" आणि ते पोर तळहात पुढं करून डाग दाखवी.

एकदा वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीनं सल्फाइडच्या निरीक्षणात 'सडक्या अंड्यासारखा वास' असं सुबक अक्षरात लिहिलं. सरांनी विचारलं, "तुमच्यात अंडी आणत्यात?"

"नाही सर. आमच्यात माळ आहे."

"मग सडकं अंडं कुटं भेटलं?"

"गाईडमध्ये."

सरांनी ते निरीक्षण खोडलं. "नाकानं घेतलं न्हाई ते लिहायचं न्हाई, बाळ. जा, परत बोलव त्याला." ती पोरगी रडवेली होऊन टेबलाशी गेली, आणि बऱ्याच वेळानं तिनं लिहून आणलं, 'मोरी तुंबली की आई पाटावर उभी राहून काठी घालते, तेव्हा येतो तसा.' सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले आणि जाळीतून मला ओरडून सांगितलं. मी डबा खात होते. सांगायची वेळ त्यांनी नेहमीच अशी निवडली.

आबांना मी एकदाच पाहिलं. दिवाळीनंतर त्यांचा कळप उंब्रजच्या बाजूला रानात खतासाठी बसवायला आलेला. म्हातारबुवा लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, असे थेट लॅबमध्ये आले. चपला त्यांनी दारातच काढल्या. सरांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि कौतुकानं अमोनियाची नळी पुढं धरली. आबांनी नळीकडं नाक नेलं नाही. त्यांनी हातानं तो वास ओढला. अगदी तोच हात, तेच अर्धे मिटलेले डोळे. सर ही कला कोणत्या विद्यापीठात शिकले ते मला तेव्हा कळलं.

आबा म्हणाले, "आरं, हे तर आपल्या वाड्यातलंच हाय की. मेंढरं उठवल्यावर येतंय ते."

"व्हय आबा."

"आन ह्येचा तुला पगार देत्यात?"

सर इतके हसले की नळी हिंदकळली. जाताना आबांनी मला सांगितलं, "ह्याला लहानपणापासनं नाक हाय, बाई. आजारी मेंढरू तोंडाचा वास घिऊन सांगायचा. आमाला वाटलं, कळप सांभाळंल चांगला." एवढं बोलून ते काठी टेकत निघून गेले. त्यांच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढं काळ बदलला, तसा आमच्या कॉलेजचाही बदलला. हजेरीपटावर पोरं भरपूर, वर्गात थोडी. बाकीची कराडला, नाहीतर सांगलीत विश्रामबागला क्लासमध्ये. नाव आमच्याकडं, अभ्यास तिकडं. तिथं रसायनशास्त्र म्हणजे चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा. प्रॅक्टिकल करायला ही मुलं बोर्डाच्या परीक्षेआधी जेमतेम उगवत आणि तक्ते पाठ करून येत. संस्थेच्या मंडळींची नजर लॅबवर गेली होती. एवढी मोठी खोली, तिथं सराव परीक्षांसाठी हॉल करता येईल, असं दर मीटिंगला निघायचं. सर दर मीटिंगला उठून एकच वाक्य म्हणत, "माझी लॅब चालू हाय." आणि चालूच होती. गावातली, क्लास न परवडणारी, एसटीनं येणारी दहा-पंधरा पोरं रोज तिथं हातानं वासाला बोलवत होती.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. सरांच्या घरात सगळेच आजारी पडले. माणच्या गावात आबाही. सर स्वतः साताऱ्यात दवाखान्यात असताना तिकडं आबा गेले. माती द्यायलाही सरांना जाता आलं नाही. बरे होऊन आले तेव्हा ते निम्मे झाले होते. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. आम्ही कुणीच फार विचारलं नाही. त्या दिवसांत कुणी कुणाला फार विचारत नव्हतं.

कॉलेज सुरू झालं. जाळीतून पुन्हा आवाज आला, "मॅडम, आज मेथी?"

मी दचकले. सर आजवर विचारत कधी नव्हते. सांगत असत. आणि त्या दिवशी माझ्या डब्यात सुकट होती. लसूण घालून परतलेली सुकट ज्याला भिंतीपलीकडून येत नाही, त्याचं काहीतरी मोठं हरवलंय हे समजायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. मी जाळीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हो, मेथीच."

थोड्या वेळानं सर भिंतीला वळसा घालून आले. डब्याकडं पाहिलं.

"सुकट हाय की ही."

"हो."

"मग मेथी का म्हणाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

ते माझ्यासमोरच्या बाकावर बसले. भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याकडं बघत त्यांनी सगळं सांगितलं. आजारात वास गेला तो परत आलाच नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी लवंग, निलगिरी, लिंबू नाकाशी धरा, वास आठवायचा प्रयत्न करा, कधीतरी येईल. ते रोज धरतात. त्यात त्यांनी आपल्या मनानं एक भर घातली होती, आबांच्या घोंगड्याचा कोपरा.

"लवंगंचं काय न्हाई हो मॅडम," ते म्हणाले. "न्हाई आली तर न्हाई आली. पण घोंगडं यायला पायजे हुतं. त्याच्यात आबा हायत. मी रोज हात हलवतोय आन कोण येतच न्हाई."

मी डबा झाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसासमोर जेवायची लाज वाटली.

"प्राचार्यांस्नी सांगू नका," ते म्हणाले. "त्यांना निमित्तच पायजे. लॅब काढून घेतील. मग ह्या पोरांना कोण दाखवणार?"

मी त्यांना समजावून पाहिलं. लॅबमध्ये कसले कसले वायू असतात, धोका आहे, म्हटलं. त्यांनी त्याचाही विचार केला होता. पंखे जास्त वेळ लावायचे, खिडक्या उघड्या, आणि पोरांना विचारत राहायचं. विचारायची पद्धत तर पहिल्यापासूनचीच. शेवटी ते म्हणाले, "आन तुमी हायच की शेजारी. तुमाला माझ्या वासांचा त्रास हाय, ते बरंच हाय. काय वेगळं आलं तर भिंत वाजवा." मी कबूल झाले. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी माझे पंखे बंद ठेवून बसायला लागले. माझी पोरं उकाड्यानं कुरकुरायची. त्यांना मी काय सांगणार?

आणि गंमत अशी की कुणालाही संशय आला नाही. सर विचारत, "सांग, कसला हाय?" पोर सांगे, "गोठ्याचा." सर म्हणत, "म्हंजे अमोनियम." त्यांना नाक लागतच नव्हतं. पोरांच्या शब्दांवरून ते वास ओळखत होते. उलट त्या वर्षांतली पोरं आणखी बारकाईनं बोलायला लागली, कारण सर आता एका उत्तरावर थांबत नसत. "अजून सांग. गोड हाय का? घशाला लागतोय का? कशागत?" भिंतीपलीकडून मला ते विचारणं शिकवण्यासारखं वाटायचंच नाही. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते विचारतो, तसं वाटायचं.

फक्त क्लासच्या पोरांसमोर त्यांची पंचाईत व्हायची. परीक्षेआधी ती आली की नळी नाकाजवळ न नेता घडाघडा म्हणत, "पंजंट स्मेल, सर." नळीत काय आहे, ह्याच्याशी त्याचा काही संबंध नसे. पूर्वी सर अशा पोराला जागेवर पकडत. आता ते नुसते त्याच्या तोंडाकडं बघत राहत. एकदा मला म्हणाले, "त्यांनी घेतला न्हाई, मला येत न्हाई. दोघंबी तक्त्यावरच चाललोय."

तो दिवस थंडीतला होता. खिडक्या मुलांनी लावून घेतलेल्या. सरांच्या लॅबमध्ये ज्योतीची परीक्षा होती, म्हणजे बर्नर पेटवून क्षार ज्योतीत धरायचा आणि रंग बघायचा. वासाचा त्यात काही भागच नव्हता. मी बेडकाच्या आकृतीला नावं देत फळ्याशी उभी होते आणि जाळीतून वास आला. स्वयंपाकघरातला, सिलेंडर बदलताना येतो तो. क्षणभर मलाही वाटलं, सरांनी आज हे काय नवीन काढलं? मग मी खडू टाकला. भिंत वाजवायचं ठरलेलं होतं, पण मी थेट पळाले.

सर टेबलाशी उभे होते, हातात काडेपेटी. पोरं भोवती गोल. शेवटच्या टेबलावरच्या बर्नरची रबरी नळी निसटून लोंबत होती, आणि चावी उघडी.

"सर, काडी ओढू नका!"

ते थांबले. काडी पेटीला टेकलेली होती. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी काडेपेटी खिशात टाकली आणि आवाज न चढवता म्हणाले, "चला रं, समदी भाईर. पळू नका. बटणाला हात लावू नका." पोरं गेल्यावर स्वतः जाऊन चावी बंद केली, एकेक खिडकी उघडली, बाहेर जाऊन सिलेंडर बंद केला.

मैदानावर कडुलिंबाच्या झाडाखाली त्यांनी पोरांना उभं केलं.

"वास येत हुता?"

मग एक मुलगी म्हणाली, "येत हुता सर. मगाधरनं."

"समद्यांना?"

माना हलल्या.

"मग बोलला का न्हाई?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तीच मुलगी म्हणाली, "आमाला वाटलं, तुमी काढलाय. आज हा वळखायचा आसंल म्हणून. मी तर शब्द पण ठरवून ठिवला हुता."

सर तिथंच झाडाच्या पारावर बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "गॅसला सोताचा वास नसतो, मॅडम. माणसाला कळावं म्हणून मुद्दाम घालत्यात. हे मीच शिकवलंय ह्यांना." पोरांना काय झालं ते अजून नीट कळलं नव्हतं. एकानं विचारलं, "सर, पुढचं प्रॅक्टिकल कवा?"

मी त्यांना म्हणाले, झालं नाही ना काही, सोडा. नळी बदलून घेऊ. खिडक्यांना खिट्ट्याच नको. ते ऐकून घेत होते. त्याच दुपारी ते स्वतःच्या पायांनी प्राचार्यांकडं गेले. मी दाराशी होते. त्यांनी काहीही लपवलं नाही. आजार, वास, आजची काडी, सगळं सांगितलं. प्राचार्य भले गृहस्थ. म्हणाले, "सर, तुम्ही थिअरी घ्या. लॅबचं बघू." लॅबचं काय बघणार, ते सगळ्यांनाच माहीत होतं. सरांनी किल्ली टेबलावर ठेवली. ज्या माणसानं त्या खोलीसाठी दर मीटिंगला उठून भांडण केलं, त्यानं ती अशी एका वाक्यात देऊन टाकली. मला त्यांचा राग आला. आजही थोडा आहे. पण त्यांच्या जागी मी असते तर दुसरं काय केलं असतं, तेही मला सापडत नाही.

उन्हाळ्यात लॅबची टेबलं निघाली. नळ, बेसिनं काढून तिथं फरशी बसली. मधली जाळी प्लायवूड ठोकून बंद केली, परीक्षेला आवाज नको म्हणून. माझ्या खोलीत आता कसलाच वास येत नाही. मी निवांत जेवते.

वर्षअखेरीला सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभात नारळ-शाल झाल्यावर मी त्यांना विचारलं, आता काय? माणला जाणार का? ते म्हणाले, "कळप चुलतभावाकडं गेला. सांगलीच्या क्लासवाल्यांनी बोलवलंय. तितं लॅब न्हाई. नाकाचं कामच न्हाई." हे ते हसत म्हणाले. मला हसता आलं नाही.

माझं माहेर विश्रामबागचं. गेल्या सुट्टीत गेले होते, तेव्हा भाचीचा डबा घरीच राहिला म्हणून तो द्यायला तिच्या क्लासवर गेले. तिसरा मजला, लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना वर्ग. एका वर्गाचं दार अर्धं उघडं होतं. आतून ओळखीचा आवाज आला आणि मी थबकले.

पुकळे सर फळ्याशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कुठं भोक नाही. कॉलरला माइक. समोर शंभरावर मुलं माना खाली घालून लिहीत होती. सर सांगत होते, "अमोनियम. तिखट वास. ॲसिटेट. व्हिनेगरसारखा वास." शुद्ध, सरळ, क्लासला शोभेल असं बोलत होते. फळ्यावर तक्ता आखलेला होता. "सल्फाइड," ते म्हणाले आणि थोडं थांबले. "सडक्या अंड्यासारखा वास."

तेवढ्यात त्यांचा डावा हात वर आला. त्यात काही नव्हतं, तरी बोटं नळी धरल्यासारखी वळली होती. उजव्या हाताचा पंजा हळूच आपल्याकडे हलला, एकदा, मग पुन्हा एकदा. डोळे अर्धे मिटले. ते वाट बघत उभे राहिले. वर्गातली पेनं थांबली, माना वर झाल्या. कुणाला काही कळेना.

दाराजवळच्या बाकावरच्या मुलीनं शेजारणीला हळूच विचारलं, "हे पण लिहून घ्यायचं का गं?"